सारखे माप, सारखा न्याय?

(सर्वांना एकच नियम लावला म्हणजे सर्वांना न्याय मिळाला, असे आपण सहज म्हणतो. पण काही वेळा एकच नियम एकाला सोयीचा आणि दुसऱ्याला जाचक ठरतो. मोटरसायकलच्या शर्यतींत इंजिनाच्या आकाराचा नियम कसा ठरतो, त्यावरून वाद का होतात आणि ते मिटवण्यासाठी कोणते उपाय झाले, याची माहिती या पाठात दिली आहे.)

शाळेच्या क्रीडादिनी धावण्याची शर्यत असते. सर्व मुले एका रेषेवर उभी राहतात. शिट्टी वाजते आणि मुले धावू लागतात. जो आधी पोहोचतो तो जिंकतो. या शर्यतीचा नियम सोपा आहे आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नसते.

कुस्तीचे मात्र तसे नाही. पन्नास किलो वजनाचा मल्ल आणि नव्वद किलो वजनाचा मल्ल एकाच आखाड्यात उतरवले, तर ती कुस्ती न्यायाची होणार नाही. म्हणून कुस्तीत जोड पाहून लावतात. स्पर्धेत वजनगट ठरवलेले असतात. येथे न्यायासाठी आधी वजन करावे लागते.

मोटरसायकलच्या शर्यतीत अडचण याहून मोठी असते. तेथे माणूस आणि यंत्र दोघे मिळून धावतात. शर्यत पाहणाऱ्यांना जाणून घ्यायचे असते, की सर्वांत कुशल स्वार कोण? पण एकाचे यंत्रच फार जोरदार असेल, तर कौशल्याची परीक्षा होणार कशी? म्हणून यंत्रांचेही गट पाडावे लागतात. हे गट पाडण्याचे जुने माप म्हणजे इंजिनाचा आकार. रस्त्यावर आपण नेहमी ऐकतो, "ही गाडी शंभर सीसीची, ती दीडशे सीसीची." हे सीसी म्हणजे काय, ते आधी पाहू.

इंजिनात नळकांड्यासारखा एक पोकळ भाग असतो. त्याला सिलिंडर म्हणतात. त्याच्या आत एक दट्ट्या वर-खाली होतो. या दट्ट्याला पिस्टन असेही म्हणतात. दट्ट्या खाली येताना हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढले जाते. मग दट्ट्या वर जाऊन ते मिश्रण दाबतो. ठिणगी पडते, मिश्रण पेटते आणि दट्ट्या जोराने खाली ढकलला जातो. या जोरावर चाक फिरते. शेवटी दट्ट्या पुन्हा वर जाऊन जळलेला वायू बाहेर टाकतो. दट्ट्या वरपासून खालपर्यंत येतो, तेव्हा सिलिंडरात जेवढी जागा मोकळी होते, तेवढा त्या सिलिंडरचा आकार. तो घन सेंटिमीटरमध्ये मोजतात. घन सेंटिमीटर म्हणजेच सीसी.

तुम्ही गणितात वृत्तचितीचे घनफळ काढायला शिकला आहात. तेच सूत्र येथे उपयोगी पडते. यामाहा कंपनीच्या आर-६ या प्रसिद्ध मोटरसायकलचे उदाहरण घ्या. तिच्या सिलिंडरचा व्यास ६.७ सेंटिमीटर आणि दट्ट्याची धाव ४.२५ सेंटिमीटर आहे. त्रिज्या ३.३५ सेंटिमीटर झाली. ३.१४ × ३.३५ × ३.३५ × ४.२५ हा गुणाकार केला, की सुमारे १५० घन सेंटिमीटर मिळतात. असे चार सिलिंडर आहेत. म्हणून ही गाडी ६०० सीसीच्या गटातली.

आता इटलीतील डुकाटी कंपनीची जुनी पानिगाले व्ही-२ ही मोटरसायकल पाहा. तिला दोनच सिलिंडर आहेत, पण ते मोठे आहेत. व्यास १० सेंटिमीटर आणि दट्ट्याची धाव ६.०८ सेंटिमीटर. हिशोब केला तर एका सिलिंडरचे ४७७ आणि दोन्ही मिळून सुमारे ९५५ सीसी होतात.

एक गाडी ६०० सीसीची, दुसरी ९५५ सीसीची. या दोघी एकाच शर्यतीत धावल्या, तर तुम्ही म्हणाल, "हा तर उघड अन्याय आहे!" पण घाई करू नका. हौदातून पाणी उपसणाऱ्या दोन मुलांचा विचार करा. सलीमच्या हातात तांब्या आहे. नसीमच्या हातात बादली आहे. बादली मोठी आहे, पण जड आहे. नसीम एक बादली उपसेपर्यंत सलीम कितीतरी तांबे उपसतो. तासाभरात कोणी जास्त पाणी काढले, हे फक्त भांड्याच्या आकारावरून सांगता येणार नाही. भांडे किती वेळा भरले, तेही मोजावे लागेल.

इंजिनाचे अगदी असेच आहे. इंजिनाची ताकद मुख्यतः एका मिनिटात ते किती हवा आत घेऊन इंधन जाळते, यावर अवलंबून असते. लहान दट्ट्या हलका असतो आणि त्याची धाव आखूड असते. त्यामुळे तो फार वेगाने वर-खाली होऊ शकतो. मोठा दट्ट्या जड असतो आणि त्याला प्रत्येक फेऱ्यात जास्त अंतर कापावे लागते. त्याला तितक्या वेगाने पळवले तर इंजिन मोडेल.

पुन्हा हिशोब करू. समजा, आर-६ चे इंजिन मिनिटाला १६,००० फेरे घेते. एका फेऱ्यात दट्ट्या ८.५ सेंटिमीटर अंतर कापतो. म्हणजे मिनिटाला १,३६० मीटर. डुकाटीचे इंजिन मिनिटाला ११,००० फेरे घेते असे धरा. तिचा दट्ट्या एका फेऱ्यात १२.१६ सेंटिमीटर जातो. म्हणजे मिनिटाला सुमारे १,३३८ मीटर. पाहा, दोन्ही दट्ट्यांचा वेग जवळजवळ सारखाच निघाला! लहान सिलिंडर चार आणि मोठे सिलिंडर दोन, पण धातूवर पडणारा ताण साधारण सारखा.

आता हवा मोजू. अशा इंजिनात दोन फेऱ्यांत एकदाच हवा भरली जाते. ६०० सीसीचे इंजिन मिनिटाला ८,००० वेळा भरेल. म्हणजे ४,८०० लिटर हवा. ९५५ सीसीचे इंजिन ५,५०० वेळा भरेल. म्हणजे सुमारे ५,२५० लिटर हवा. आकारात फरक ५९ टक्क्यांचा होता. हवेत तो नऊ टक्क्यांवर आला. फरक उरला हे खरे. पण पहिल्या नजरेला वाटला तेवढा तो नाही.

यावरून एक गोष्ट लक्षात येते. फक्त सीसी सारखे ठेवले, तर ज्याचे सिलिंडर जास्त त्याचा फायदा होतो. इतिहासात याचा चांगला दाखला आहे. १९६०च्या दशकात जागतिक शर्यतींत २५० सीसीचा एक गट होता. नियमात आकाराची मर्यादा होती, पण सिलिंडर किती असावेत याचे बंधन नव्हते. जपानच्या होंडा कंपनीने २५० सीसीत सहा सिलिंडर बसवले. एकेक सिलिंडर जेमतेम ४१ सीसीचा! ते इंजिन मिनिटाला सुमारे १८,००० फेरे घेत असे. इंग्लंडच्या माइक हेलवूडने १९६६ आणि १९६७ साली त्या गाडीवर जगज्जेतेपद मिळवले. हे इंजिन म्हणजे कारागिरीचा उत्तम नमुना होता. पण असे इंजिन बनवणे फार खर्चाचे होते. लहान कंपन्यांनी स्पर्धेत टिकायचे कसे? शेवटी १९७० पासून २५० सीसीच्या गटात जास्तीत जास्त दोन सिलिंडर असावेत, असा नियम झाला.

यानंतरची गोष्ट सुपरस्पोर्ट या शर्यतीची आहे. ही मध्यम आकाराच्या मोटरसायकलींची शर्यत. येथे खास शर्यतीसाठी घडवलेले यंत्र चालत नाही. दुकानात विकल्या जाणाऱ्या गाडीवरूनच शर्यतीची गाडी तयार करावी लागते. १९९७ साली तिची जागतिक मालिका सुरू झाली आणि १९९९ पासून तिला जागतिक अजिंक्यपदाचा दर्जा मिळाला.

या शर्यतीचा नियम करणाऱ्यांना तांब्या आणि बादली यांतील फरक माहीत होता. त्यांनी चार सिलिंडरांच्या गाडीला ६०० सीसी आणि दोन सिलिंडरांच्या गाडीला ७५० सीसी अशी मर्यादा ठेवली. पुढे तीन सिलिंडरांच्या गाडीसाठी ६७५ सीसीची मर्यादा ठरली. सिलिंडर कमी, तर आकार थोडा जास्त. नियम विचारपूर्वक केलेला होता. १९९७ च्या मालिकेत इटलीचा पावलो कासोली डुकाटीच्या ७४८ सीसीच्या, दोन सिलिंडरांच्या गाडीवर विजयी झाला.

मात्र पुढे काय झाले? १९९९ ते २०२२ या काळात चोवीस अजिंक्यपदे दिली गेली. ती सर्व चार सिलिंडरांच्या जपानी गाड्यांनी जिंकली. सुझुकी, यामाहा, कावासाकी आणि होंडा यांच्याबाहेर एकही अजिंक्यपद गेले नाही. तुर्कस्तानचा केनान सोफुओग्लू याने २००७ ते २०१६ या काळात पाच वेळा अजिंक्यपद मिळवून विक्रम केला. त्याच्या गाड्याही होंडा आणि कावासाकी याच होत्या.

असे का झाले असावे? त्याचे एक कारण हिशोबातच सापडते. ६०० सीसीचे इंजिन मिनिटाला १३,५०० फेरे घेत असेल, तर ते सुमारे ४,०५० लिटर हवा घेते. ७४८ सीसीचे इंजिन ११,००० फेरे घेत असेल, तर ते सुमारे ४,११० लिटर हवा घेते. तराजू जवळजवळ समतोल आहे. पण जपानी कारखान्यांनी मेहनत घेतली. दट्टे आणखी हलके केले, झडपा सुधारल्या आणि इंजिनाचे फेरे वाढवत नेले. फेरे १६,००० झाले, की त्याच इंजिनाची हवा ४,८०० लिटर होते. जड दट्ट्याच्या गाडीला फेरे इतके वाढवता येईनात. नियमातले आकडे जागच्या जागी राहिले, पण यंत्रे पुढे गेली. तराजूचे पारडे एका बाजूला झुकले. केवळ सिलिंडर हेच कारण होते असे नाही. चार मोठ्या कंपन्यांचा पैसा, अनुभव आणि चांगले स्वार हेही त्या पारड्यात होतेच.

मग आणखी एक संकट आले. मोटरसायकलींच्या धुरावर युरोपातील सरकारांनी कडक बंधने घातली. शिवाय ६०० सीसीच्या वेगवान गाड्यांचे गिऱ्हाईकही कमी झाले. एकेका कंपनीने या गाड्यांना रामराम ठोकला. यामाहाने २०२० नंतर युरोपात रस्त्यावर चालवण्याची आर-६ विकणे थांबवले. दुकानातल्या गाडीवर आधारलेली शर्यत. आणि दुकानात गाडीच नाही! नियम तसाच ठेवला असता, तर काही वर्षांत शर्यतीत एकाच प्रकारच्या गाड्या उरल्या असत्या.

म्हणून २०२२ साली सुपरस्पोर्टचे नियम बदलण्यात आले. डुकाटीची ९५५ सीसीची दोन सिलिंडरांची गाडी, इंग्लंडच्या ट्रायम्फची ७६५ सीसीची तीन सिलिंडरांची गाडी आणि इटलीच्या एम. व्ही. अगुस्टाची सुमारे ८०० सीसीची तीन सिलिंडरांची गाडी यांना प्रवेश मिळाला. ६०० सीसीच्या गाड्याही राहिल्याच. मग या सर्वांना सारखे कसे करायचे?

त्यासाठी नवी युक्ती योजण्यात आली. मोटरसायकलची उजवी मूठ पिळली, की इंजिनाकडे जाणारी हवेची झडप उघडते आणि गाडी वेग घेते. आजच्या शर्यतीच्या गाड्यांत मूठ आणि झडप यांच्यामध्ये एक छोटा संगणक असतो. स्वाराने मूठ पूर्ण पिळली, तरी झडप किती उघडायची ते संगणक ठरवू शकतो. मोठ्या इंजिनाची झडप ठरावीक फेऱ्यांच्या वेळी पूर्ण उघडू द्यायची नाही, असा नियम झाला. इंजिनाने जास्तीत जास्त किती फेरे घ्यावेत, यालाही मर्यादा घातली गेली. वजनाचे नियमही ठेवले. शर्यतींतील वेळा आणि संगणकातील नोंदी तपासून हे आकडे बदलण्याचा अधिकार नियम करणाऱ्यांना देण्यात आला. म्हणजे आता भांड्याचा आकार मोजायचा नाही, तर किती पाणी उपसले जाते ते पाहून नळ कमी-जास्त करायचा!

ही युक्ती न्यायाची आहे का? याबद्दल दोन मते आहेत, आणि दोन्ही ऐकण्यासारखी आहेत.

पहिले मत असे. शर्यत स्वारांची आहे. निरनिराळ्या बनावटीच्या गाड्यांची ताकद जवळजवळ सारखी केली, तर स्वाराचे कौशल्य उठून दिसते. लहान कंपनीलाही आशा राहते. प्रेक्षकांना चुरस पाहायला मिळते. इंजिन मोठे आहे म्हणून कोणाला बाहेर ठेवणे, हाही अन्यायच नाही का?

दुसरे मत असे. ज्या कारखान्याने वर्षानुवर्षे खपून चांगले इंजिन तयार केले, त्याच्याच इंजिनाचा गळा आवळायचा? मग मेहनतीचे फळ काय? शिवाय एखादा संघ मोसमाच्या सुरुवातीला मुद्दाम हात राखून गाडी चालवील. आपली गाडी कमजोर आहे असे भासवून सवलत मिळवील आणि मग खरा वेग दाखवील. सीसी मोजायला एक साधे मोजमाप पुरते. कोणाला किती सवलत द्यावी, हे ठरवताना मात्र माणसाच्या मतावर अवलंबून राहावे लागते. जेथे मत आले, तेथे संशयही येतो.

पहिल्या वर्षी, म्हणजे २०२२ साली, स्वित्झर्लंडच्या डोमिनिक एगर्टरने ६०० सीसीच्या यामाहावरच अजिंक्यपद राखले. मोठ्या इंजिनांनी लहानांना गिळून टाकले नाही. पण २०२३ साली इटलीचा निकोलो बुलेगा डुकाटीवर अजिंक्य ठरला. २०२४ साली स्पेनच्या आद्रियान उएर्तासने पुन्हा डुकाटीवरच अजिंक्यपद मिळवले. २०२५ साली ते इटलीच्या स्तेफानो मान्झी याला मिळाले. त्याची गाडी यामाहाची नवी आर-९ होती. ती ८९० सीसीची असून तिला तीन सिलिंडर आहेत. ज्या चार सिलिंडरांच्या गाड्यांनी चोवीस वर्षे राज्य केले, त्यांच्या हाती या तीन वर्षांत एकही अजिंक्यपद लागले नाही.

मग अन्यायाची फक्त दिशा बदलली का? असे म्हणण्याआधी विजयी स्वारांकडे नीट पाहिले पाहिजे. बुलेगा २०२४ साली याहून मोठ्या, सुपरबाइक गटात गेला. तेथे इंजिने वेगळी, नियम वेगळे. तरीही ऑस्ट्रेलियातील फिलिप आयलंड येथे त्याने आपली पहिलीच शर्यत जिंकली. म्हणजे त्याच्या २०२३ च्या यशात त्याच्या स्वतःच्या कौशल्याचा वाटा मोठा होता, असे मानायला जागा आहे. उलट मान्झीचे उदाहरण पाहा. तो २०२३ आणि २०२४ अशी दोन्ही वर्षे ६०० सीसीच्या आर-६ वर दुसरा आला. गाडी बदलली आणि तोच स्वार पहिला आला. त्याचे कौशल्य एका वर्षात वाढले, की गाडीने हात दिला? एका उदाहरणावरून निकाल देणे कठीण आहे. एवढे मात्र खरे, की स्वाराच्या उमेदीची वर्षे थोडी असतात. नियमातला एक आकडा चुकला, तर त्यांतले एखादे वर्ष वाया जाते आणि ते कोणालाही परत करता येत नाही.

असाच वाद पूर्वी अमेरिकेतही झाला होता. २००९ साली तेथील राष्ट्रीय मालिकेत ६०० सीसीच्या जपानी गाड्यांबरोबर ब्युएल या अमेरिकन कंपनीची १,१२५ सीसीची दोन सिलिंडरांची गाडी उतरवण्यात आली. इंजिन जवळजवळ दुप्पट! त्या गाडीवर डॅनी एस्लिकने अजिंक्यपद जिंकले. अनेकांनी नाके मुरडली. "स्वार नव्हे, इंजिन जिंकले," असे म्हटले गेले. पण २०११ साली त्याच एस्लिकने त्याच मालिकेत ६०० सीसीच्या सुझुकीवर अजिंक्यपद मिळवून दाखवले. या विजयाने नियम बरोबर होता असे सिद्ध होत नाही. पण स्वाराविषयीचा संशय मात्र दूर झाला. नियम अस्पष्ट असला, की त्याचे खापर बिचाऱ्या विजेत्याच्या डोक्यावर फुटते. त्याला तीच परीक्षा पुन्हा द्यावी लागते.

हा सगळा वाद मुळातून मिटवण्याचा आणखी एक मार्ग आहे. सर्वांना एकच इंजिन द्यायचे! मोटो-टू या जागतिक गटात तसेच करतात. २००९ सालापर्यंत त्या जागी २५० सीसीचा गट होता. २०१० पासून सर्व संघांना होंडाचे ६०० सीसीचे इंजिन देण्यात आले. २०१९ पासून ट्रायम्फचे ७६५ सीसीचे इंजिन देतात. इंजिने मोहोरबंद असतात आणि कोणाला कोणते मिळणार, हे चिठ्ठ्या टाकावे तसे ठरते. संघाला ते उघडून त्यात फेरफार करता येत नाही. गाडी व स्वार मिळून वजन किमान २१७ किलो भरावे लागते. त्यामुळे अंगाने भारी असलेल्या स्वाराचे फारसे नुकसान होत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीजवळच्या ग्रेटर नोएडा येथे या गटाची शर्यत झाली. ती स्पेनच्या पेद्रो अकोस्ताने जिंकली.

येथे इंजिनाबद्दल कोणाची तक्रार उरत नाही. पण त्याचीही किंमत मोजावी लागते. सर्वांचे इंजिन एकच असल्यामुळे नवे इंजिन शोधून काढण्याची चुरस संपते. संघांना गाडीचा सांगाडा निवडता येतो. पण बहुतेक संघ कॅलेक्स या एकाच जर्मन कंपनीचा सांगाडा घेऊ लागले. समानता आली आणि विविधता गेली.

लहान गाड्यांच्या गटातही हाच प्रश्न आला, आणि त्याचा आपल्या महाराष्ट्राशी संबंध आहे. २०१७ ते २०२५ या काळात सुपरस्पोर्ट-३०० नावाची जागतिक शर्यत होत असे. तिच्यात ३२१ सीसीची यामाहा, ३७३ सीसीची केटीएम आणि ३९९ सीसीची कावासाकी एकत्र धावल्या. यांतील केटीएम आर.सी. ३९० ही गाडी पुण्याजवळच्या चाकण येथे बजाज कंपनीच्या कारखान्यात तयार होते. येथेही इंजिनाचे फेरे आणि गाडीचे वजन यांवर वेगवेगळ्या मर्यादा घालून तराजू सारखा केला जाई. २०१८ साली या गटात स्पेनची आना काररास्को अजिंक्य ठरली. एकट्याने चालवायच्या मोटरसायकलींच्या रस्ता-शर्यतीत जगज्जेतेपद मिळवणारी ती पहिली महिला होय.

आतापर्यंत आपण चार प्रकारचे नियम पाहिले. सर्वांना एकच सीसी, हा पहिला. तो मोजायला सोपा, पण जास्त सिलिंडर करणाऱ्या श्रीमंत कंपनीला सोयीचा. सिलिंडर पाहून सीसी, हा दुसरा. तो समजूतदार, पण यंत्रे सुधारली की शिळा होणारा. ताकद पाहून झडप आवळणे, हा तिसरा. तो सर्वांना सामावून घेणारा, पण संशयाला जागा ठेवणारा. सर्वांना एकच इंजिन, हा चौथा. तो सर्वांत समान, पण कल्पकतेला बांधून ठेवणारा. यांपैकी एकही नियम निर्दोष नाही.

असे असले, तरी चांगला नियम ओळखता येतो. तो शर्यतीपूर्वी सर्वांना सांगितलेला असतो. तो का केला, याची कारणे उघड असतात. त्यात बदल करायचा झाला, तर तो कोणत्या नोंदींवरून केला ते दाखवता येते. आणि तो यंत्राचे बळ मोजतो. कोण जिंकले, कोणत्या देशाचा स्वार जिंकला, हे पाहून तो बदलत नाही. बुलेगा वेगाने वळण घेतो म्हणून त्याच्या गाडीची झडप आवळली, तर ती शिक्षा त्याच्या कौशल्याला होईल. गाडीच जास्त हवा घेते म्हणून झडप आवळली, तर तो न्याय होईल. या दोहोंतला फरक ओळखणे हेच नियम करणाऱ्यांचे खरे काम आहे.

मोटरसायकलींची शर्यत तुम्ही कधी पाहिली असेल किंवा नसेलही. पण वर्गात, मैदानावर, घरी नियम करण्याची वेळ तुमच्यावर येतेच. लहान भावाबरोबर धावताना तुम्ही त्याला चार पावले पुढे उभे करता. ती चार पावले किती असावीत आणि तो मोठा झाल्यावर ती कधी कमी करावीत, हे भांडण न होता ठरवून पाहा. मग हा प्रश्न किती अवघड आहे, ते तुम्हांला कळेल.

स्वाध्याय

प्र. १. एकदोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) इंजिनाचा आकार कोणत्या परिमाणात मोजतात?
(आ) सहा सिलिंडरांच्या गाडीवर माइक हेलवूडने कोणत्या साली जगज्जेतेपद मिळवले?
(इ) मोटो-टू गटात कोणाला कोणते इंजिन मिळणार, हे कसे ठरते?

प्र. २. कारणे द्या.
(अ) फक्त सीसी सारखे ठेवल्याने सर्वांना न्याय मिळत नाही.
(आ) २०२२ साली सुपरस्पोर्ट शर्यतीचे नियम बदलावे लागले.

प्र. ३. एका मोटरसायकलच्या सिलिंडरचा व्यास ७.४ सेंटिमीटर आणि दट्ट्याची धाव ५.२३ सेंटिमीटर आहे. तिला तीन सिलिंडर आहेत. ती जुन्या नियमाच्या ६७५ सीसी मर्यादेत बसेल का? गणित करून सांगा.

प्र. ४. वाक्यांत उपयोग करा : हात राखून वागणे, पारडे झुकणे, रामराम ठोकणे, नाके मुरडणे, डोक्यावर खापर फुटणे.

प्र. ५. वर्गात दोन गट करा. 'मोठ्या इंजिनाची झडप आवळणे न्यायाचे आहे' या विषयावर एका गटाने बाजूने आणि दुसऱ्या गटाने विरुद्ध बोलावे.